माळावर नायनांबरोबर

"माळढोक बघायचा असंल तर आत्ताच सांगतो बाई, त्ये आपल्याच्यानं व्हनार न्हाय," जीपचं दार उघडायच्या आधीच गाईडनं सांगून टाकलं. "त्यो आता कुनालाच दिसंना झालाय. मी पन बघून लई वर्सं झाली. माळ बघायचा असंल तर बसा."

मला ना माळढोक बघायचा होता, ना माळ. आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळातल्या सात मुलींना घेऊन विज्ञानाच्या बाई जाणार होत्या. त्यांना ताप आला आणि मुख्याध्यापकांनी माझं नाव घातलं. मी गणित शिकवते. डिसेंबरातल्या शनिवारी दुपारी घरी पडून राहायचं सोडून या मुलींची राखण करायची, एवढंच मला त्या सहलीत दिसत होतं. मी कपाळाला आठ्या घालून पुढच्या सीटवर बसले.

गाईड चाळिशीचा, काटक, उन्हानं रापलेला. मंद्रूपकडच्या एका खेड्यातला. आधी टेम्पो चालवायचा. पक्ष्यांवर अभ्यास करणारी काही मंडळी एकदा त्याचा टेम्पो ठरवून दोन महिने रानोमाळ हिंडली. ती गेली, पण याला नाद लावून गेली. मग त्यानं टेम्पो विकून ही जुनी जीप घेतली आणि चार-पाच माणसांना घेऊन माळ, तळी, शेतं दाखवायला लागला. जीपवर पाटी नव्हती. तो म्हणायचा, "पाखरं बघायला येनारा मानूस पाटी वाचून येत न्हाय."

शहर मागे पडलं. माझा सगळा जन्म सोलापूरच्या पूर्व भागात गेला. भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येक घरातून मागाचा खडखडाट आणि वर दोन ओळींच्या मधून दिसेल तेवढं आभाळ. माळ मी एसटीच्या खिडकीतून पाहिला होता आणि आमच्या भाषेत त्याला एकच शब्द होता: पडीक.

गाडी थांबली तेव्हा ऊन कलत आलं होतं. गुडघाभर पिवळं गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकत होतं. चालता चालता पायमोज्यांत कुसळं शिरली. गाईडनं आम्हाला एका बांधाच्या आडोशाला बसवलं आणि म्हणाला, "आता बोलायचं न्हाय. वर बघायचं न्हाय, म्होरं बघायचं."

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मग गवतावरून, अगदी हातभर उंचीवरून, एक करडा लांब पंखांचा पक्षी तरंगत आला. पंख मारत नव्हता. वाऱ्यावर नुसता टेकला होता.

"भोवत्या," गाईड कुजबुजला. "रशियाच्या बाजूनं येत्यात हे. थंडीत आपल्याकडं."

"कशाला?" एका मुलीनं विचारलं.

"नाकतोडं खायला."

ती फिस्सकन हसली आणि मध्येच थांबली, कारण तो पक्षी नेमका तिच्या समोरून गेला आणि जाता जाता त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. घुबडासारखा वाटोळा चेहरा, पिवळे डोळे. पंखांचा आवाज शून्य.

मग दुसरा आला. मग एकदम पाच. मग उत्तरेकडून, पूर्वेकडून, जिकडे बघावं तिकडून येतच राहिले. सवयीनं मी मोजायला लागले. चाळीसपर्यंत नीट गेले, पण ते एकमेकांना ओलांडत, वळसे घेत फिरत होते. कुठला मोजला आणि कुठला राहिला ते कळेना. मोजणं सोडून देण्याची पाळी माझ्यावर फारशी येत नाही. त्या दिवशी मी सोडून दिलं. अख्खा माळ त्या मुक्या पक्ष्यांनी भरून गेला होता, आणि इतक्या पंखांखाली बसून मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता.

सूर्य बुडाला तसे ते एकेक करून गवतात उतरले. शेवटचा उतरल्यावर समोर पुन्हा नुसता रिकामा माळ.

"गेले?" मी विचारलं.

"कुटं जात्यात? हितंच हायत की. शेकड्यानं. आपल्याला दिसंनात, एवढंच."

परतताना सात मुली एक अक्षर बोलल्या नाहीत. वर्गात त्यांना गप्प करायला मला डस्टर आपटावा लागतो.

त्यानंतर मी स्वतःच त्याच्या जीपमधून जाऊ लागले, जमेल त्या रविवारी. बरोबर कधी एखादा डॉक्टर असायचा, कधी पुण्याहून आलेलं जोडपं, कधी बँकेतले कुणी. मी जुनी दुर्बीण मिळवली. नावं पाठ होत नव्हती, पण नजर बसत गेली. एप्रिलच्या शेवटी तर त्यानं मला एक धडाच दिला. खडकाळ मोकळ्या माळावर आम्ही ओळीनं चाललो होतो आणि तो एकदम म्हणाला, "बाई, पाय टेकवू नका."

माझा उजवा पाय हवेत होता. मी तसाच धरला.

"तसंच थांबा. आता खाली बघा."

खाली खडे होते. तपकिरी, काळपट, ठिपक्यांचे. त्यानं बोट केलं तरी मला खडेच दिसत होते. "तुमच्या पायापासनं इतभर," तो म्हणाला, आणि मग दोन खडे माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू अंडी झाले. घरटं नाही, काडी नाही, उघड्या मातीवर ठेवलेली दोन अंडी. धाविक नावाच्या माळावरच्या पक्ष्याची. मी पाय जपून मागे घेतला. आम्ही लांब जाऊन बसलो, आणि थोड्या वेळानं ती धाविक मादी तुरूतुरू धावत आली, थांबली, पुन्हा धावली, आणि अंड्यांजवळ उभी राहिली. बसली नाही. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात ती अंड्यांवर स्वतःची सावली धरून उभी राहिली.

"ऊब द्यायला न्हाय ती," गाईड म्हणाला. "हितं ऊब कमी हाय का? गार ठिवायला उभी हाय."

ती किती वेळ उभी राहील असं मी विचारलं. ऊन आहे तोवर, तो म्हणाला. आम्ही निघालो तेव्हाही ती तशीच होती, चोच उघडी टाकून धापत.

आता नायनांबद्दल सांगायला हवं. आमच्या पद्मशाली घरात वडिलांना नायना म्हणतात. माझे नायना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीसेक वर्षं चादरीच्या कारखान्यात मागावर उभे राहिले. त्या खडखडाटानं त्यांचे दोन्ही कान नेले. कानाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यातून नुसता मागाचाच आवाज येतो म्हणाले. अम्मा होती तोवर त्यांचं बरं चाललं होतं. ती ओठ हलवायची आणि त्यांना कळायचं. ती गेल्यावर ते दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. कुणी बोलायला आलं तर हसून मान हलवायचे. मी घरी आले की विचारायचे, "जेवलीस?" आणि माझं उत्तर न ऐकता पुन्हा रस्त्याकडे बघायचे. घरात आम्ही तेलुगूच बोलतो, पण त्या दिवसांत ते जवळजवळ बंदच झालं होतं.

मे महिन्यात एका रविवारी मी त्यांना बरोबर घेतलं. गाईडला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "आना की. माळाला काय, कुनी बी चालतं."

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही एका शेततळ्याजवळ पोचलो. तळं कसलं, तळाशी उरलेलं डबकं. तिथं पखुर्ड्या पाणी प्यायला येतात. कबुतराएवढे, मातीच्या रंगाचे पक्षी. आमच्याबरोबर आणखी दोघं होते, मोठे कॅमेरे घेऊन आलेले, पहाटे लांबून गाडी चालवत आलेले. जाळी लावून केलेल्या आडोशात आम्ही पाच जण खेटून बसलो. बराच वेळ गेला. मग आभाळातून घुमल्यासारखी हाक आली आणि पखुर्ड्यांचा एक थवा तळ्याकाठी उतरला.

बाकीच्या घाईघाईनं पाणी पीत होत्या. पण एक नर पोटापर्यंत पाण्यात जाऊन बसला आणि पोट डावी-उजवीकडे घुसळायला लागला. गाईड माझ्या कानाशी म्हणाला, "पिल्लांसाठी पानी भरतोय. पोटाच्या पिसांत. पिल्लं लांब कुटंतरी हायत. हा जाऊन उभा ऱ्हानार, आनि ती पिसं चोखनार."

मी नायनांकडे वळले आणि ओठ मोठे करून, हातानं पोट दाखवून, कसंबसं ते त्यांना सांगितलं. त्यांना कळलं. त्यांचे डोळे एवढे मोठे झाले. आणि ते म्हणाले, "पोटात पाणी भरून नेतोय? पिल्लांना?"

बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज केवढा आहे ते कळत नाही. मागाच्या खडखडाटावर मात करायला चाळीस वर्षं वापरलेला तो आवाज होता. सगळा थवा एका झपाट्यात उडाला.

कॅमेऱ्यावाल्यांपैकी एकानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "कशाला आणता असल्या लोकांना?"

ते नायनांना ऐकू आलं नाही. पण चेहरे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले वाचता येतात. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय झालं ते त्यांना समजलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. तो हात त्यांनी गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

गाईड त्या पाहुण्याला एवढंच म्हणाला, "साहेब, पाखरं परत येत्यात. मानसाला परत आनायला लई तरास हुतो." पखुर्ड्या तासाभरानं आल्याही. पण नायना तेव्हा जीपमध्ये, काचा वर करून बसले होते. मी किती सांगितलं तरी आले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "तू जात जा. मला नको."

मीही मग दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात गाईड स्वतः घरी आला. पूर्व भागात काहीतरी काम होतं म्हणाला, पण काम असं काही दिसलं नाही. नायना दाराशी खुर्चीवर होते. तो त्यांच्यासमोर पायरीवर बसला, चहा प्यायला, आणि मला म्हणाला, "बाई, मामास्नी जरा इचारा. कारखान्यात एवढा दंगा असायचा, तर ह्ये लोक एकमेकाशी बोलायचं कसं?"

मी इतकी वर्षं त्यांची मुलगी, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी कागदावर लिहून दिला. नायनांनी वाचला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी हात वर केले. दोन तर्जन्या टोकाला टोक लावून झटकन वेगळ्या केल्या: धागा तुटला. हाताचा पंजा, मागातला धोटा धावतो तसा, इकडून तिकडे: माग चालू कर. मूठ: थांब. दोन बोटं डोळ्यांकडून लांब: तिकडे बघ. बोटं दाढीवरून खाली: मालक आला. ही शेवटची खूण बघून गाईड खो खो हसला. अर्धा तास त्या दोघांचे हात चालले होते आणि मी चहाचा रिकामा कप धरून उभी होते. जाताना गाईड म्हणाला, "बाई, आपल्याला माळावर नेमकी हीच भाषा पायजे. मी एवढी वर्सं लोकांना गप बसा, गप बसा करत मेलो. ह्यास्नी तर येतंय की."

पावसाळा संपून गवत पिवळं पडल्यावर नायना परत आले. माझ्या आग्रहानं नाही, गाईडनं घरासमोर जीप उभी करून हातानं धोटा फिरवला म्हणून. आणि तिथं मला माझ्या वडिलांची एक गोष्ट पहिल्यांदा कळली. त्यांची नजर. हजारो धाग्यांचा ताणा समोर धावत असताना त्यातला एक तुटलेला धागा हेरायचा, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. माळावर सगळं सारखं असतं, पिवळ्यात पिवळं, मातीत माती. त्या सारखेपणात जे वेगळं असेल ते नायनांना आधी दिसायचं. गवतात निजलेला ससा त्यांनी दाखवला. लांब टेकाडावर बसलेला लांडगा त्यांनी दाखवला, आणि तो लांडगा आहे हे गाईडलाही दुर्बीण लावल्याशिवाय पटलं नाही. ते दोन बोटं डोळ्यांपासून लांब करायचे आणि आम्ही सगळे तिकडे वळायचो.

गाईड नव्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचा, "मामा खून करतील तवा गप तिकडं बघायचं." पुण्याच्या एका बाई हे ऐकून दचकून जीपमधून उतरायला निघाल्या होत्या. त्यांना खून म्हणजे खूण हे समजावून सांगेपर्यंत माझी हसून पुरेवाट झाली. नायनांनी काय झालं म्हणून विचारलं, मी लिहून दाखवलं. तो कागद त्यांनी खिशात ठेवून घेतला.

जानेवारीत गाईड म्हणाला, "आता भोरड्या बघायच्या. मंगळवेढ्याकडं. ज्वारी हुरड्यात आली की लाखानं उतरत्यात."

भोरड्या मी ऐकून होते. मैनेच्या जातीचं पाखरू, गुलाबी अंगाचं, काळ्या डोक्याचं. दिवसभर ज्वारीच्या शिवारात हिंडतं आणि संध्याकाळी सगळं मिळून एका जागी झोपायला येतं. त्या दिवशी जीपमध्ये आम्ही तिघंच होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीत ज्वारी उभी होती, क्षितिजापर्यंत, आणि पिकाच्या मधोमध लाकडी माच्यांवर उभी राहून माणसं गोफण फिरवत होती. गाईडनं एका माच्याकडे बघून हात केला. "मी बी ह्येच केलंय," तो म्हणाला. "वीस-बावीस वर्साचा हुईस्तोवर ह्याच पाखरांवर दगडं मारली. आता लोकास्नी दावतो."

पाच वाजता आम्ही एका तलावाच्या बांधावर पोचलो. पाणी कमी झालेलं, कडेला वेडी बाभूळ आणि आत पाणकणसाचं दाट बेट. आम्ही बांधावर बसलो. ऊन तांबूस झालं. शंभरेक भोरड्यांची एक टोळी आली आणि पाण्यावरून एक चक्कर मारून गेली. मग दुसरी. त्या दोन टोळ्या आभाळात एकमेकींत मिसळल्या. तिसरी आली, तीही मिसळली.

आणि मग चहूबाजूंनी शिवारंच्या शिवारं रिकामी होऊन आल्यासारख्या त्या आल्या. मी इथं वर्णन करायचा प्रयत्न करते आहे, पण मला माहीत आहे की जमणार नाही. आभाळाचा एक मोठा तुकडा काळा झाला आणि तो हलायला लागला. तो लांब झाला, पिळला गेला, मध्ये विरळ होऊन पलीकडचं तांबडं दिसलं, पुन्हा दाटला. सगळा थवा एकाच वेळी वळायचा तेव्हा क्षणभर फिका व्हायचा आणि पुन्हा गडद. डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज झाला, जोराच्या सरीसारखा, आणि वाऱ्याचा झोत तोंडावर आला. मी नकळत दोन्ही हात डोक्यावर धरले होते.

नायना उभे राहिले होते. काठी त्यांनी खाली टाकली होती. ते थव्याबरोबर मान फिरवत होते, तोंड किंचित उघडं. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते वाऱ्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

मग त्यांनी एकदम हात वर केले. दोन तर्जन्या, टोकाला टोक, आणि झटकन वेगळ्या.

"धागा तुटला?" गाईड गोंधळला. "काय म्हनत्यात मामा?"

नायनांनी पुन्हा तीच खूण केली आणि मग दोन बोटं डोळ्यांपासून वर, थव्याच्या उजव्या अंगाला, खूप उंच. आम्ही दोघांनी दुर्बिणी लावल्या. मला काहीच दिसेना. गाईडनं दुर्बीण आणखी वर नेली. "ससाना," तो म्हणाला. "आयला, ससाना! वर हाय, वर, एकटाच."

तेवढ्यात तो ठिपका खाली सुटला. पंख मिटून, दगडासारखा. आणि ज्या क्षणी तो सुटला त्या क्षणी तो सबंध थवा आवळून एक गोळा झाला, इतका घट्ट की मला वाटलं आता जमिनीवर पडेल. ससाणा त्या गोळ्यात शिरला. गोळा मधून दुभंगला, त्याला वाट करून दिली आणि तो पलीकडून बाहेर पडल्यावर पुन्हा मिटला. ससाणा रिकाम्या पायांनी वर गेला. पुन्हा आला. दुसऱ्यांदाही रिकामा. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्या पंजात काहीतरी होतं, आणि ते घेऊन तो पाण्यावरून सावकाश पश्चिमेकडे निघून गेला. थवा एकदा लांबवर ताणला गेला आणि पुन्हा आपल्या जागी आला, काही झालंच नव्हतं असा.

नायना माझ्याकडे वळले. "चूडु बिड्डा," ते म्हणाले. बघ पोरी. मी लहान असताना ते मला असं म्हणायचे. आवाज मोठा होता, पण तिथं तो उडवून लावेल असं काहीही नव्हतं. लाखो पाखरांच्या कलकलाटात त्यांचा आवाज पहिल्यांदाच योग्य मापाचा होता. मग त्यांनी विचारलं, "एवढ्यांना वळ म्हणून सांगतं कोण?"

मी गाईडकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. "शेजारची वळली की आपुन वळायचं, असं शिकल्याली लोकं सांगत्यात," तो म्हणाला. "पन पैली कोन वळती, त्ये मला बी ठावं न्हाय."

मी ते नायनांना खुणांनी सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले, कारण ते आता बघत नव्हते माझ्याकडे.

बांधावर आमच्या मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. धोतर, डोक्याला टापरं, कमरेला खोचलेली गोफण. जवळच्याच शेतातला शेतकरी होता. गाईडनं रामराम केला आणि विचारलं, "लई खाल्लं का औंदा?"

"खात्यात की," तो म्हणाला. "पन ज्वारीतल्या अळ्या बी त्येच खात्यात, टोळ बी त्येच. दिसभर शिव्या घालतो, घसा बसतो. आनि सांजच्याला रोज हितं यीवून बघतो. घरची म्हनती, याड लागलंय."

तोही मग आमच्या शेजारी उभा राहिला. आम्ही चौघं, कुणीच कुणाचे नसल्यासारखे आणि तरी खेटून.

थवा पाणकणसाच्या बेटावर आला. एका नरसाळ्यातून ओतल्यासारखा त्यातला एक धागा खाली उतरला, मग सगळाच. कणसं वजनानं वाकली. आत केवढा गलका सुरू झाला. अंधार पडू लागला तसा तो चढत गेला, भांडण, किलबिल, पंखांची झटापट, कानठळ्या बसतील असा. आणि मग, कुणी खूण केल्याशिवाय, तो एकदम थांबला. सगळा. पाण्यावर एक बेडूक ओरडला तेवढंच.

मी नायनांकडे बघितलं. त्यांना गलका ऐकू आला नव्हता, त्यामुळे तो थांबलेलाही कळला नसणार असं मला वाटलं. पण ते आम्हा तिघांचे चेहरे बघत होते.

"झोपले?" त्यांनी विचारलं. या वेळी अगदी हळू.

मी मान हलवली. शेतकऱ्यानं वाकून त्यांची काठी उचलली, मातीनं भरलेली ती टापऱ्यानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली.